नरतुरंगातली रेघ

दिवेलागण झाली की सर खिशातून काळा रुमाल काढायचे आणि उजव्या डोळ्यावर बांधायचे. मग भाजी घ्यायला जावोत, शाळेच्या मीटिंगला बसोत की कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, रुमाल सुटायचा नाही. नवख्या माणसाला वाटायचं, डोळे आलेत. कोणी विचारलंच तर ते एवढंच सांगायचे, "हाऊ डोळा राखी ठेवेल शे, भाऊ. उजेड दखा का बिघडी जास."

अंधारात दुर्बिणीला लावायचा डोळा आधीपासून अंधारात मुरवावा लागतो, हे मला पुढे कळलं. शहादे गावाला ते कधीच कळलं नाही. गावाने त्यांचं नाव 'अर्धे मास्तर' ठेवून विषय संपवला.

माझा फोटोचा स्टुडिओ बाजारपेठेत होता. तेव्हा आमचा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आम्ही धुळ्यात मोडत होतो. साठ सालाच्या पुढेमागे गावात स्टुडिओ म्हणजे माझाच. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यात संगमरवरी जिना आणि तळ्यात हंस. त्या जिन्यापुढे बसून अख्ख्या तालुक्याने फोटो काढून घेतले. सर मात्र माझ्याकडे फोटोसाठी आले नाहीत. त्यांना हवी होती माझी अंधारखोली.

ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. मूळचे कळसाडीचे, घरची केळी-कपाशीची शेती भावाकडे. शाळेत बोलणं पुस्तकी, शाळेबाहेर पाय टाकला की अहिराणी. दुर्बिणीचा आरसा त्यांनी घराच्या ओट्यावर, पिंपावर काच ठेवून, काचेवर काच घासत स्वतः बनवला होता. त्या कर्रकर्र आवाजाने शेजारी वैतागले. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "जातं फिरवतात तर पीठ तरी पडस. यासनं काय पडस, ते यास्लेच ठाऊक." दुर्बीण फिरवण्यासाठी खाली बैलगाडीचा आस बसवला होता. दिसायला ते प्रकरण तोफेसारखं होतं आणि मी तसं तोंडावर सांगितलंही होतं. ते हसले आणि म्हणाले, "तोफ तर तोफ. पण नेम चांगला शे."

नेम कशावर होता, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पुण्याचे एक प्रोफेसर धुळ्याला व्याख्यानाला आले होते. आकाशातून रेडिओच्या लहरी येतात, त्या पकडण्याचं काम ते करायचे. त्यांनी सांगितलं की आपल्या आकाशगंगेसारख्या लांबवरच्या काही दीर्घिकांच्या अगदी मधोमध एखादी लहानशी जागा असते आणि तिथून या लहरी जोरात येतात. त्या जागी डोळ्याला दिसणारं काय आहे, याचे फोटो काढायला हवेत. एका दीर्घिकेत तर मधल्या ठिपक्यातून बाहेर पडणारी उजेडाची सरळ रेघ सापडलेली आहे. दुसऱ्या कुठे तशी रेघ आहे का, कोणाला ठाऊक नाही.

व्याख्यान संपल्यावर आमच्या सरांनी उभं राहून विचारलं, "नरतुरंगातल्या दीर्घिकेचं काय?" नरतुरंग हा दक्षिणेकडचा तारकासमूह. त्यातली ती दीर्घिका उत्तरेकडच्या मोठमोठ्या दुर्बिणींना क्षितिजाला टेकलेली दिसते. आमच्या तोरणमाळच्या कड्यावरून मात्र मे महिन्यात, लोक जेवून अंगणात बाजा टाकतात त्या वेळी, ती तापीच्या खोऱ्यावर चांगली वर आलेली असते. प्रोफेसरांनी सरांना आडबाजूला नेऊन बरंच विचारलं आणि जाताना फोटो काढायच्या परदेशी काचेच्या प्लेटांची एक पेटी दिली. तसल्या प्लेटा आपल्याकडे कुठेच मिळत नव्हत्या. ती पेटी सरांनी घरी नेली नाही, माझ्या अंधारखोलीतल्या माठाशेजारी ठेवली, कारण गावातली सर्वांत थंड जागा तीच होती.

पहिल्या काही प्लेटा वाया गेल्या. एप्रिलात मोहाची फुलं वेचायला डोंगरातले लोक झाडाखालचा पाला पेटवतात, तो धूर प्लेटेवर ढगासारखा उतरला. नंतर वाऱ्याने दुर्बीण हलली आणि प्रत्येक ताऱ्याची अळी झाली. शिवाय प्लेट धरायचा सागाचा होल्डर इतका जड होता की दुर्बिणीचं शेपूट खाली जायचं. सरांनी सुताराकडून नवा करून घेतला, सालईच्या फळीचा. सालईचं लाकूड हलकं, आणि वास तर असा की देवघरात आल्यासारखं वाटावं. धूप तिच्याच डिंकाचा होतो ना! सर तो होल्डर नाकाशी धरून मला म्हणाले, "दख भाऊ, वजन नही आन् वास कसा शे!" मीही वास घेतला आणि छान म्हणालो.

मेअखेर आम्ही दोघं दुर्बीण घेऊन लाकडाच्या ट्रकने तोरणमाळला गेलो. होल्डरमध्ये प्लेट भरून तयार, आणि आकाश रोज सायंकाळी ढगाळायचं. आठवडाभर आम्ही तिथे भाकरी खात बसलो. प्लेट होल्डरमध्ये तशीच. शेवटी एका संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. सरांनी रुमाल सोडला, उजवा डोळा मोठीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीला लावला, डावा हात स्क्रूवर ठेवला आणि मला म्हणाले, "आते बोलू नको."

तासभर तो माणूस हलला नाही. आकाश सरकतं, त्याबरोबर दुर्बीण हाताने सरकवायची आणि एक तारा छोट्या दुर्बिणीतल्या दोन बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा, असं ते काम. हात चुकला की सगळं वाया. त्यांच्या मानेवर डास बसलेला मला दिसत होता, पण हाकलायला मीही धजावलो नाही. मध्येच एक पावरा आदिवासी शेतकरी पेटता टेंभा घेऊन आमच्याकडे यायला लागला. मी अनवाणी धावलो आणि दोन्ही हातांनी त्याला थांबवलं. माझी भाषा त्याला समजली नाही, पण माझा चेहरा समजला असावा. त्याने टेंभा मातीत खुपसला आणि तो होल्डरचं झाकण पडेपर्यंत माझ्या शेजारी उकिडवा बसून राहिला.

ती प्लेट मी शहाद्याला धुतली. लाल दिव्याखाली आधी तारे आले, मग मधोमध एक गोल डाग, त्याला आडवा छेद देणारा पट्टा. आणि त्या डागातून तिरकी बाहेर गेलेली एक रेघ.

सरांनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की बोटांचे वळ उठले. मग म्हणाले, "भाऊ, हाई रेघ आजपावत कोणी दखेल नही."

त्याच दिवशी त्यांनी प्रोफेसरांना कळवलं. प्रोफेसर पंधरा दिवसांनी स्वतः यायला निघणार, असं उत्तर आलं. आता ही गोष्ट सरांच्या पोटात राहिली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी ती शाळेच्या अध्यक्षांना सांगितली आणि तिथे घोडं सुटलं.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. आबांची तापीकाठची जमीन मोठी, मन त्याहून मोठं आणि घाई सगळ्यात मोठी. गावात कॉलेज काढायचं हे त्यांचं स्वप्न होतं. "आपला मास्तरनी आकाशमा शोध लावा!" असं त्यांनी तालुकाभर करून टाकलं. मंडप ठरला, बँड ठरला. कॉलेज मिळालं की सरांना तिथे प्राध्यापक करायचं आणि तोरणमाळला त्यांच्या दुर्बिणीसाठी सरकत्या छपराची एक खोली बांधून द्यायची, असा शब्द आबांनी दिला. शब्दाचा माणूस होता, खोली नक्की झाली असती. सरांनी माझ्या दुकानातल्या रद्दीवर त्या खोलीचा आराखडा इतक्या वेळा काढला की छपराच्या चाकांची जागा मलाही पाठ झाली. बाजारात तुरी असताना आमच्याकडे फोडणीसुद्धा घालून झाली होती.

मग आबांनी मंडपात लावायला त्या फोटोची मोठी प्रत मागितली. मी केली. ओली प्रत दोरीवर टांगली आणि सर तिच्यासमोर उभे राहिले. मी आपला हात पुसत होतो. वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"भाऊ, आठे दख."

मोठ्या प्रतीत त्या रेघेच्या बाजूला आणखी दोन रेघा दिसत होत्या. अगदी फिकट, पण तिच्याशी समांतर. आणि तिन्ही किंचित वळत वळत कागदाच्या कडेपर्यंत गेलेल्या.

"एक रेघ समजी सकस," सर हळू आवाजात म्हणाले. "तीन कसाले राहतीन?"

मी म्हटलं, काचेत दोष असेल, पाण्यात असेल. ते ऐकत नव्हते. त्यांनी कोपऱ्यातला तो होल्डर उचलला, उघडला आणि नाकाशी नेला. मला आधी काही समजेना. मग ते म्हणाले, हा वास म्हणजे लाकडातून सतत काहीतरी बाहेर पडतंय. प्लेट आठवडाभर त्या फळीसमोर होती, मेच्या उन्हाळ्यात. उजेड न लागताही त्या वासाने प्लेटेवर खूण उमटली असेल तर? मी इतकी वर्षं प्लेटा वापरतो, पण माझी प्लेट सकाळी होल्डरमध्ये गेली की दुपारी धुतली जाते. आठवडाभर कोण ठेवतो?

पेटीत एकच प्लेट उरली होती.

तिचं काय करायचं, यावर आम्ही भांडलो. मी म्हटलं, आकाश अजून उघडं आहे, सागाचा होल्डर घ्या, तोरणमाळला चला, पुन्हा फोटो काढा. रेघ आली तर जिंकलो. त्यांचं म्हणणं, जड होल्डरने दुर्बीण वाकली, ढग आला, हात हलला, तर रेघ नाही आली तरी काहीच कळणार नाही, आणि प्रोफेसर दारात. "नक्की कळाले पाहिजे," ते म्हणाले. आणि ती शेवटची प्लेट त्यांनी सालईच्या होल्डरमध्ये घातली, झाकण बंद केलं आणि घरी नेऊन फडताळात ठेवून दिली. तिला ना आकाश दाखवायचं, ना उजेड. आठवडाभर नुसती ठेवायची. कोरी निघाली तर रेघ आकाशातली.

तो आठवडा मी विसरणार नाही. बाहेर मंडपाचे खांब रोवले जात होते. आबा रोज येऊन विचारायचे, "मास्तर, आखो एक फोटो काढाले जातस का नही? आभाळ चांगलं शे." आणि आभाळ खरंच चांगलं होतं. सर मान हलवायचे. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं आणि खरं अजून ठरलं नव्हतं. माझ्याकडे ते संध्याकाळी येऊन बसायचे, एका डोळ्याने रस्त्याकडे बघत. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, प्लेट कोरी निघू दे. मी काही फार देवभोळा नाही, पण त्या माणसासाठी म्हणत होतो.

प्रोफेसर पुण्याहून निघायच्या आदल्या दुपारी आम्ही ती प्लेट धुवायला घेतली. उन्हाने नळाचं पाणी पोळत होतं, आणि गरम पाण्यात काचेवरचा थर साल निघावी तसा निघतो, म्हणून माठातलं पाणी वापरलं. नेमके तेव्हाच आबा दुकानात आले. वर्तमानपत्रात छापायला सरांचा फोटो हवा होता. हार ते सोबत घेऊनच आले होते. बाहेर खुर्चीत बसून त्यांचं चाललं होतं, "अरे भाऊ, किती टाइम?"

आत आम्ही दोघं लाल दिव्याखाली तबकावर वाकलेलो. मी तबक हलवत होतो. प्लेट दुधासारखी पांढरी. तशीच राहिली. आणखी थोडा वेळ गेला. मी सरांकडे पाहिलं, ते श्वास रोखून होते. मला वाटलं, सुटलो.

मग कोपऱ्यातून करडं काहीतरी सरकायला लागलं. एक रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. मग रेघांमधून एक वळसा फिरला आणि त्याच्या आत लाकडाची गाठ उमटली. सालईची फळी, जशीच्या तशी. त्या दिवशी दीर्घिका नेमकी त्या गाठीवर पडली होती, इतकाच काय तो योगायोग.

सरांनी एक मोठा श्वास सोडला. "मस्त फोटो उना," म्हणाले. आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी नळ सोडला, उगाचच, आवाज व्हावा म्हणून.

बाहेर आल्यावर आबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हार घातला. "बठा मास्तर. पेपरवाला फोटो मांगी ऱ्हायना." मी सवयीने कॅमेऱ्यामागे गेलो. सर क्षणभर बसले आणि उठले. हार काढून आबांच्या हातात दिला.

"आबा, ती रेघ आकाशनी नही. लाकूडनी शे. मन्हा डबानी."

आबांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. "हाई कोणले माहीत शे?"

"आपले तिन्हीसले."

"मंग चौथाले कसाले सांगनं?" आबांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तू नवरीना तोंडवरना देवीना वण पुसी टाकस. त्या दोन बारीक रेघा पुसाले तुले काय जड शे? एकच राहू दे. प्रोफेसरले तेच दखाडू."

जड काहीच नव्हतं. चाकूचं टोक आणि पेन्सिल, चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना गावातल्या पोरांसाठी कॉलेज हवं होतं. मी सरांकडे बघत राहिलो, कारण खोली त्यांची जाणार होती.

सर म्हणाले, "भाऊना हात चांगला शे आबा, कोणले समजाव नही. पण उद्या दुसरा कोणी मोठी दुर्बीण लाई, ती दीर्घिका दखी. त्याले रेघ सापडाव नही. तो बिचारा आपलाच डोळास्ले दोष दी. त्याना काय गुन्हा?"

आबा हार खुर्चीवर टाकून निघून गेले. सर तारघरात गेले आणि प्रोफेसरांना तार केली, 'येऊ नये. रेघ लाकडाची.' तारबाबूने मला नंतर विचारलं, ही काही सांकेतिक भाषा आहे का?

मंडप सुटला. पुढे यथावकाश कॉलेजही निघालं, पण सर हायस्कूलमध्येच राहिले आणि तोरणमाळला खोली झाली नाही. नव्या प्लेटा कधी मिळाल्या नाहीत. आबा रस्त्यात भेटले की दोघं एकमेकांना नमस्कार करायचे, तेवढाच. या सगळ्याचं मला फार वाईट वाटायचं, सरांना वाटताना दिसायचं नाही. लाकडाची ती प्लेट ते वर्गात नेऊन मुलांना कौतुकाने दाखवायचे.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. धुळ्याला नेलं, पण ते परत आले नाहीत.

दिवस झाल्यावर वहिनी दुकानात आल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी सगळी कपाटं उपसली. तालुक्यातली माणसं माझ्याकडे काचेवर होती, मेलेली, जगलेली, भांडून वेगळी झालेली. सर नव्हते. शाळेच्या दरवर्षीच्या फोटोत ते माझ्या बाजूला उभे राहून पोरांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरायचे. एकदाच माझ्या खुर्चीत बसले होते, आणि तेव्हा मी बटण दाबण्याआधी उठले होते. हे मी वहिनींना सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "त्या चांदण्यासना फोटो शे ना, तोच द्या."

मी विचारलं, रेघा पुसून देऊ का? स्वच्छ दिसेल.

"नको भाऊ. त्यास्नी पुसू दिध्यात नहीत, मी कसाले पुसू?"

मी काळ्या चौकटीत बसवून तो फोटो कळसाडीला स्वतः घेऊन गेलो. ओसरीवर वहिनींचे पागोटेवाले सासरे, आजेसासरे चौकटींत ओळीने होते. शेवटच्या खिळ्यावर सरांच्या भावाने तो टांगला. वहिनींनी हार घातला, अष्टगंधाची वाटी घेतली, बोट बुडवलं आणि थांबल्या. एरवी गंध कपाळाला लावतात. इथे कपाळ कुठलं? त्या काचेजवळ गेल्या, नीट न्याहाळलं, आणि ज्या मधल्या ठिपक्यातून त्या रेडिओच्या लहरी येतात, बरोबर तिथे गंध लावलं.